बेसला माणूस पाहिजे

५ जानेवारी, रविवार

नवीन वर्षाची नवीन वही. पाच दिवस उशीर झाला, कारण उजव्या तर्जनीला फोड आलेला. बेस गिटारच्या तारा जाड असतात. लोकांना वाटतं चारच तारा, सोपं असणार. कोण कुणाला सांगणार.

ही वही कुणी वाचणार नाही, तरी मूळ गोष्टी लिहून ठेवतो. बँड ठाण्यातल्या बाळकुमच्या कमलेशचा. हळदीला, साखरपुड्याला, क्वचित बारशाला वाजवतो. गातो कमलेश. कीबोर्डवर नयन. ऑक्टोपॅड बडवणं आणि साउंड सांभाळणं, दोन्ही आनंदाकडे. तिघंही तिथलेच, तिशीच्या आतले. बेसवर मी. वय शेहेचाळीस, डोंबिवली पूर्व. दिवाळीत कमलेशच्या टेम्पोच्या अपघाताचा क्लेम वागळे इस्टेटच्या ऑफिसात माझ्या टेबलवर आलेला. बोलता बोलता मी कॉलेजात बेस वाजवायचो हे निघालं आणि तो म्हणाला, या की सर कधीतरी प्रॅक्टिसला. मी त्याच रविवारी गेलो. क्लेम पास झाला त्याचा याच्याशी काही संबंध नाही. कागद व्यवस्थित होते.

बेस म्हणजे बँडचा पाया. पाया दिसत नाही, पण काढून घ्या आणि मग बघा.

संकल्प: रोज पहाटे रियाज. ऑफिसच्या आधी दीड तास. सबबी बंद.

६ जानेवारी, सोमवार

उठायला उशीर. फोड.

७ जानेवारी, मंगळवार

पहाटे उठलो! अ‍ॅम्प लावला, सर्वांत खालची तार छेडली. थोड्याच वेळात खालच्या मजल्यावरच्या कलावतीकाकू दारात. गाऊनवर शाल. त्यांच्या स्वयंपाकघरातले डबे फळीवरून आपोआप पुढे सरकतात म्हणे. आज तिखटाचा डबा सरळ कणकेच्या परातीत पडला. उत्तरा, माझी बायको, दारात उभी राहून त्यांची माफी मागत होती. मला मात्र आतून बरं वाटलं. स्लॅबमधून जाऊन डबा हलवणं कुणाच्याही बोटांना जमत नाही. उत्तराला तसं सांगितलं. ती म्हणाली, पोहे गार होतायत.

१२ जानेवारी, रविवार

आज प्रॅक्टिस. मन थाऱ्यावर नाही, पण नीट लिहितो.

बाळकुमला कमलेशच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आम्ही वाजवतो. जमीन त्यांचीच होती, आता तिच्यावर टॉवर आहेत आणि खालचे दोन मजले घरच्यांचे. सुरू करण्याआधीच कमलेशने बातमी दिली. १६ फेब्रुवारीला त्याच्या गोदाआत्याच्या धाकट्या मुलाची हळद. घरची हळद, सगळं गाव येणार. मी म्हटलं वा. मग तो डोकं खाजवत म्हणाला, जुना टेम्पो काढला, नवीन छोटा आहे, आता एक माणूस आणि एक स्पीकरचा बॉक्स कमी करावा लागेल. कुणाचं नाव घेतलं नाही. त्याच वेळी नयन कीबोर्डवर डाव्या हाताने बेस वाजवून दाखवत होता. सहज, म्हणे. हल्लीच्या कीबोर्डला ती सोय असते, खालच्या पट्ट्या दाबल्या की बेससारखा आवाज. सारखा. पावडरचं दूधही दुधासारखंच असतं.

कमलेशला सरळ विचारलं, म्हणजे मी? तो म्हणाला, तसं नाय सर, हळद तं होऊ द्या. घरची हळद हाय, आत्या बोलंल तसं.

म्हणजे निकाल गोदाआत्याच्या हातात. ही बाई धवलारीण आहे. इथल्या आगरी लग्नांत विधींच्या वेळी जी परंपरेची गाणी म्हणतात, ते धवले, ती गाते. तिने सुरुवात केल्याशिवाय नवऱ्याला हळदीचं बोट लागत नाही. आवाज असा की माइकची लाज काढेल. प्रॅक्टिसला ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसते आणि कुणाला काय वाटेल याचा विचार न करता बोलते. मला तिची भीतीच वाटायची.

पण आज काय झालं! तिसऱ्या गाण्यात माझ्या गिटारचा पट्टा सुटला. मी खाली वाकून तो लावत बसलेलो, बाकीचे वाजवतच राहिले. तेवढ्यात आत्याने मांडीवर थाप मारली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आता बेस!"

बेस थांबल्याचं तिच्या लक्षात आलं! अख्ख्या पार्किंगमध्ये एकटीच्या. आणि नुसतं लक्षात नाही, तिने हुकूम सोडला: आता बेस! मी तसाच, पट्टा न लावता, गुडघ्यावर गिटार घेऊन सुरू झालो. ती लगेच उठून आत गेली. भरून आलं असणार. आनंदा म्हणाला, पाण्याची टाकी भरली का बघायला गेली.

१५ जानेवारी, बुधवार

रियाज नाही. कलावतीकाकूंच्या बाजूने उत्तराने हात जोडले. इअरफोन लावून वाजवायचं ठरलं. इअरफोनमध्ये बेस म्हणजे फोनवरून जेवण, पण ठीक.

१९ जानेवारी, रविवार

आज आत्या पहिल्या गाण्यालाच माझ्या अ‍ॅम्पकडे बोट दाखवून म्हणाली, "ते मोठे डब्याचे आवाजान माझे पोटान गुरगुरतंय." बाकीचे तिघं हसले. त्यांना काय कळणार. बेस कानाने नाही, पोटाने ऐकायचा असतो, हे मी कितीतरी ठिकाणी वाचलंय. ही बाई न वाचता तिथे पोचली.

मग ऑफिसातून फोन आला. साहेबांचा, रविवारी, घ्यावाच लागला. गेटपर्यंत गेलो. मागे गाणं चालूच होतं. आणि तिचा आवाज आला, "हां, आता कसं? बेस!"

आता कसं? बेस? म्हणजे मी गेल्याबरोबर तिला काळजी लागली! आता कसं होणार, बेस कुठे गेला! साहेबांना म्हटलं नंतर करतो आणि धावत आलो. मी गिटार गळ्यात घातल्यावर तिने कपाळाला हात लावला. घाम पुसत असेल, आज उकडत होतं.

नयन माझ्याकडे बघून हसला. त्याला कळून चुकलंय की आत्याचं मत कुठे पडणार.

घरी आल्यावर उत्तराला सगळं सांगितलं, डाव्या हाताच्या बेसपासून. ती भांडी विसळत होती. म्हणाली, एक विचारू? ते तुला बोलावतात, की तू जातोस? मी म्हटलं, बँडमध्ये या दोन गोष्टी एकच असतात. तिने नळ बंद केला आणि माझ्याकडे जरा वेळ नुसतं बघितलं. मला ते बघणं आवडत नाही. काही विचारलेलं परवडतं.

२६ जानेवारी, रविवार

बाळकुमला गेलो तर पार्किंगमध्ये गाड्या. प्रॅक्टिस काल झाली म्हणे. कमलेश बनियनवर खाली आला, ओशाळलेला. मेसेज टाकायचा राहिला सर. ग्रुपवर? ग्रुपवरच. मी ग्रुप बघितला, तिथे शेवटचा मेसेज माझाच होता, गेल्या मंगळवारचा, बेसचं महत्त्व या विषयावरचा व्हिडिओ. म्हणजे बाकीच्यांनाही मेसेज नसणार. मग ते जमले कसे? शेजारी राहतात, हाक मारली असेल.

हात हलवत परत निघालेलो, तर गोदाआत्याने ओट्यावरून हाक मारली. बसवलं. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं, नको म्हणायची सोयच नाही. मी धीर केला. म्हटलं, आत्या, खरं सांगा, हळदीला बेस हवा ना?

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आरं, हे काय इचारनं झालं? बेसच झाली पायजे! माझे पोराची हलद हाय ती."

बेसच! "च" तिने लावला, मी नाही.

परत येताना रिक्षात डोळे भरून आले. खोटं कशाला लिहू. गेले पंधरा दिवस मी नीट जेवलो नव्हतो.

ठरलं. हळदीत बेसचा सोलो. एकटा बेस, बाकी सगळे गप्प. नावही सुचलं: "पाया". आत्याने "आता बेस" म्हटलं की सुरू करायचं.

३० जानेवारी, गुरुवार

"पाया"ची सुरुवात तयार. शेवट तयार. मधलं अजून.

२ फेब्रुवारी, रविवार

उत्तराच्या आईला बरं नाही म्हणून मुरबाडला जावं लागलं. प्रॅक्टिस बुडाली. ग्रुपवर तसं कळवलं, आनंदाने अंगठा टाकला. लगेच टाकला. मुरबाडला तिकडच्या बायका मोठमोठ्याने बोलतात, उत्तराही तिथे गेली की "हाय-नाय" करायला लागते. मी तिला पूर्वी सुधारायचो. आता सोडून दिलंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

मोठा बॉक्स आणला. ऑफिसातल्या रवींद्र कुलकर्ण्याच्या भाच्याचा, तो आता वाजवत नाही. माझंही नाव रवींद्रच, तो शुभशकुन मानला. बॉक्स हॉलमध्ये टीव्हीसमोर ठेवावा लागला, दुसरीकडे बसत नाही. जेवताना उत्तराने मला मीठ हवं का विचारलं, बस.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बॉक्सवर फक्त एकदा वाजवून बघितलं. कलावतीकाकू कल्याणला मुलीकडे राहायला गेल्या, आठ दिवसांसाठी. हवापालट चांगलाच. उत्तरा माझ्याशी बोलत नाही. का ते विचारायला हवं, पण १६ तारखेनंतर विचारीन.

९ फेब्रुवारी, रविवार

शेवटची प्रॅक्टिस. बॉक्स बघून तिघांचे चेहरे उतरले. कमलेशने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, सर, राग नका मानू, हळदीला जरा हलू वाजवा. मी म्हटलं, एक सोलो ठेवलाय, आत्याच्या परवानगीने. तेवढ्यात त्याला मांडववाल्याचा फोन आला. माझ्याकडे बघून तो हां हां म्हणाला. मला म्हणाला की मांडववाल्याला, असा प्रश्न उत्तराने संध्याकाळी काढला. अर्थातच मला.

नयनने सगळ्या गाण्यांत डावा हात लावला. मुद्दाम. माझी आणि त्याची पट्टी दोनदा आदळली. कमलेशने गाणं थांबवून आम्हा दोघांकडे बघितलं, म्हणजे खरं तर माझ्याकडे. आत्या आज नव्हती, मुलाच्या पोशाखासाठी बाजारात गेलेली. ती नसली की मला तिथे कुणी नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात एका मोटरसायकलच्या फाइलवर "चारही चाके सुस्थितीत" असं लिहून सही केली. साहेबांनी बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक ना? म्हटलं, ठीक.

हात सोलवटलाय. डावा. उजवा ठीक आहे, पण नुसत्या उजव्याने काय करू?

१५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या.

"पाया"चं मधलं तयार नाही. तिथे खालची तार एकसारखी वाजवत राहायची, प्रभाव पडतो.

खरं लिहायचं तर भीती वाटते. उद्या मला काढलं तर या वयात दुसरा बँड कोण घेणार? ऑफिसात सगळे मला साहेब म्हणतात, पण मी एक दिवस नाही गेलो तर फक्त फाइली साचतात. तिथे पार्किंगमध्ये आनंदा काठी वर करतो, एक दोन तीन चार म्हणतो, आणि चौघं एका क्षणी सुरू होतो. त्या क्षणासाठी मी आठवडाभर जगतो. हे मी उत्तरालाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं मला स्टेजची हौस आहे. हौस नाही. मला तिथे त्या चौघांतला एक व्हायचंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रजा. आंघोळ तीनदा केली. पिवळा रंग जात नाही.

क्रमाने लिहितो म्हणजे डोकं शांत होईल.

मांडव बिल्डिंगसमोरच. काल संध्याकाळी पोचलो तेव्हा गाव लोटलेलं. सगळ्या बायका एकाच रंगाच्या साड्यांत, पोरं नाचायला तयार. आनंदा म्हणाला, स्टेजवर या बॉक्सला जागा नाही. मी वाद घातला नाही. मांडवाच्या कडेला एक लांब टेबल होतं, पांढरी चादर घातलेलं. मीच दोन मुलांना हाताशी धरून बॉक्स त्यावर चढवला. उंची मिळाली की आवाज थेट छातीला लागतो. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पितळेची मोठी परात होती, वर केळीचं पान झाकलेलं. प्रसाद असेल असं वाटलं.

पहिली गाणी ठीक झाली. माझा आवाज येतोय का ते मला कळत नव्हतं, पण पोरं नाचत होती, म्हणजे येतच असणार. मग कमलेशने हात वर करून सगळं थांबवलं. नवरदेव पाटावर बसला. गोदाआत्या उठली. पोटच्या पोराच्या हळदीला ती स्वतःच गाणार होती, दुसऱ्या धवलारणीला तिने बोलावलंच नव्हतं.

ती गायली. माइक नको म्हणाली. मागून बायका तिची ओळ ओढत होत्या. एवढी माणसं, पण कुणाचा खोकलासुद्धा ऐकू येईना. मी गिटार धरून उभा. धवला संपला. आत्याने पदराने डोळे पुसले, मुलाच्या तोंडाकडे बघितलं, हसली, आणि म्हणाली,

"आता बेस!"

मी सुरू केलं.

आवाज मोठा निघाला. हे मान्य. भाच्याच्या बॉक्सचं बटण कुठवर फिरवायचं ते मला नीट माहीत नव्हतं. पुढच्या रांगेतली लहान पोरं रडायला लागली. कमलेश हातवारे करत होता, मला वाटलं लोकांना शांत करतोय. मी मधल्या भागात शिरलो, म्हणजे खालची तार. तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून मला ती परात दिसली. सरकत होती. कलावतीकाकूंच्या डब्यांसारखी, हळूहळू, माझ्याच दिशेने, टेबलाच्या काठाकडे. केळीचं पान गळून पडलं आणि आत काय आहे ते दिसलं. मला दिसत होतं, सगळं दिसत होतं. पण सोलो मध्येच सोडायचा कसा? अजून शेवट यायचा होता, आणि शेवटच तर चांगला बसवलेला.

परात पडली. हळद माझ्या अंगावर, गिटारवर, बॉक्सच्या जाळीत, आणि नयनच्या पांढऱ्या बुटांवर. बॉक्स खर्र करून बंद झाला.

नवरदेवाची हळद जमिनीवर सांडलेली. म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं आता मारतात.

गोदाआत्या पुढे आली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, "आरं, हलद नवऱ्याला लावाची. तुझा कवाच झालाय ना लगीन?"

मग जे हसू फुटलं ते थांबेना. परातीच्या तळाला राहिलेली हळद बायकांनी खरवडली, घरातून आणखी आली, कालवली. आत्याने धवला पुन्हा पहिल्यापासून घेतला. बँड नाही, काही नाही. संपला तेव्हा तिने श्वास सोडला आणि पुन्हा म्हणाली, "आता बेस."

माझा हात आपोआप गिटारकडे गेला. कमलेशने तो मध्येच धरला. जोरात नाही, पण सोडला नाही. नवऱ्याला हळद लागून होईपर्यंत तसाच धरून उभा होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, कावीळ का? हो म्हटलं.

रात्री जेवताना उत्तराला सगळं सांगितलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही एवढं बोललो, म्हणजे मी बोललो. माझं म्हणणं असं की चूक टेबलाची होती. सोलो आत्यानेच मागितला होता, एकदा नाही, चारदा. उत्तराने भाकरी ताटात ठेवली आणि विचारलं, ती नक्की काय म्हणाली? मी सांगितलं. प्रत्येक वेळी तू वाजवत होतास का? मी आठवलं. पहिल्यांदा पट्टा सुटलेला. दुसऱ्यांदा गेटवर फोनवर होतो. परवा दोन्ही वेळा बँडच बंद होता.

म्हटलं, नाही. म्हणूनच तर मागत होती.

उत्तरा हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, अरे, आमच्याकडेही म्हणतात. बेस म्हणजे छान. बरं. आता बरं वाटतंय, असं.

मी म्हटलं, मला माहीत आहे तो शब्द. आणि खरंच माहीत होता. शाळेच्या पुस्तकात होता, मुरबाडला सासूबाई चहाचा घोट घेऊन म्हणतात. तिथे मला तो बरोबर ऐकू येतो.

पानावरून उठलो. उत्तराने हात धरून परत बसवलं. म्हणाली, भाकरी टाकायची नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ग्रुपवर काही नाही. मी माफीचा मेसेज लिहिला, मोठा. पुसला. "सॉरी" एवढाच टाकला. आनंदाने अंगठा. नयनने काही नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बॉक्स परत केला. गिटार कव्हरमध्ये, कपाटाच्या वर. कलावतीकाकू परतल्या. जिन्यात भेटल्या, तब्येत विचारली. मी त्यांची पिशवी दारापर्यंत नेऊन दिली.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज कुठे जायचं नव्हतं. उत्तराबरोबर भाजी आणली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कमलेशचा फोन!!

शब्द न् शब्द लिहितो. "सर, रविवारी दिवा गावात हळद हाय. येशाल का? बेसला मानूस पायजे."

मी म्हटलं, बेसला?

"हां, बेसला. मागच्या खेपेला मानूस नव्हता, सगला हलत होता. आत्या पन बोलली, त्या डोंबिवलीवाल्याला बोलव. वजनदार मानूस पायजे सर, आमी सगले काटकुले."

वजनदार! पुढे काहीतरी गिटारबद्दल म्हणत होता, पण रेंज गेली. मी परत फोन लावला नाही, उगाच विचार बदलायचा.

सगळं हलत होतं. मी म्हटलंच होतं, पाया काढून घ्या आणि बघा! नयनचा डावा हात उघडा पडला. आणि आत्याने स्वतः नाव घेतलं. म्हणजे तेव्हा तिला शब्द कुठलाही म्हणायचा असो, मनात तिच्या होतंच.

उत्तराला सांगितलं. ती म्हणाली, आनंद आहे, पण एकदा नीट विचारून घे. यात काय विचारायचं?

गिटार खाली काढली. तारांच्या फटीत हळद आहे. राहू दे.

संकल्प: हळू वाजवायचं. सोलो नाही. कुणी काही म्हणालं तरी आधी दहा आकडे मोजायचे.

१ मार्च, शनिवार

इअरफोन लावून सगळी गाणी तीनदा वाजवली. एकदाही चुकलो नाही. या वेळी खरोखर नाही.

२ मार्च, रविवार

दिव्याहून आलो. उत्तरा विचारत होती कसं झालं. उद्या सांगतो म्हटलं. आधी इथे लिहितो.

हळद एका नव्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत. भराव टाकलेली जमीन, कुठे उंच कुठे खोल, आणि खाडीकडून वारा. पाण्याच्या टँकरची वाट बघत बायका पिंप घेऊन एका बाजूला बसलेल्या. कमलेश टेम्पोजवळ उभा होता. माझ्या खांद्यावरची गिटार बघून त्याने आनंदाकडे बघितलं. आनंदाने जमिनीकडे. मग कमलेशने मला खांद्याला धरून स्टेजच्या मागे नेलं.

तिथे स्पीकरचा स्टँड होता. लोखंडी, उंच, वर दोन मोठे स्पीकर, खाली चौकोनी पाट्याचा बेस. एका बाजूची जमीन खचलेली. कमलेश म्हणाला, सर, मागच्या वेळी वाऱ्याने हा डोलत होता, खाली पोरं नाचतात, कुणाच्या डोक्यात पडला तर? दगड ठेवले तर घसरतात. मानूस बसला की हलत नाय. मी फोनवर बोललेलो, गिटार नका आणू. त्याचा चेहरा रडवेला झालेला. म्हणाला, नसेल जमत तर राहू द्या सर, मी काय तरी करतो.

मी दहा आकडे मोजले. मग गिटार टेम्पोत ठेवून आलो आणि बसलो.

पाटा गार होता. पाठ स्टँडला टेकली. मला कुणी दिसत नव्हतं, मीही कुणाला दिसत नव्हतो. मनात आलं, आत्ताच्या आत्ता उठून स्टेशन गाठावं. नाकाला झोंबत होतं, आणि ते वाऱ्याने नाही. तेवढ्यात आनंदाने काठ्या आपटल्या, एक दोन तीन चार, आणि सगळे एका क्षणी सुरू झाले. बेस त्या लोखंडातून उतरला आणि माझ्या मणक्यातून थेट पोटात गेला. नयनचा डावा हात चांगला आहे. हे इथे लिहितो, त्याला सांगणार नाही. वारा आला की स्टँड माझ्या पाठीला ढकलायचा, मी त्याला परत ढकलायचो. पुढे पोरं नाचत होती, त्यांच्या पायांची धूळ माझ्यापर्यंत येत होती.

मध्येच गोदाआत्या मागे येऊन बघून गेली. इथेही तीच धवलारीण. पाण्याची बाटली ठेवून गेली.

मग बँड थांबला आणि तिने धवला म्हटला. इथे माइक घेतला होता, तिचा आवाज माझ्या डोक्यावरूनच जात होता. तो संपला. मला तिचा श्वास सोडल्याचा आवाज वरच्या स्पीकरमधून आला. आणि ती म्हणाली, "आता बेस."

मी उठलो नाही.